टकटक बंद झाली तेव्हा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. मी यावलच्या एका जुन्या व्हॅनच्या इंजिनात राहतो. मला रॉकर म्हणतात. बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा, एवढंच माझं रूप. पण त्या तुकड्यामुळे एका भल्या माणसाचं नाव जायची वेळ आली होती, म्हणून आज बोलतो आहे.

बागेतला सी-सॉ तुम्हाला माहीत आहे. मी तसाच आहे. माझं एक टोक खालून वर ढकललं जातं, की दुसरं टोक खाली जातं आणि व्हॉल्व्ह नावाचं झाकण दाबून उघडतं. मी सैल झालो की झाकण आपोआप मिटतं. माझ्या वाट्याला धूर बाहेर सोडणारं झाकण आलं. ते फार तापतं. तापलं की किंचित लांब होतं. म्हणून त्याच्या आणि माझ्या मध्ये, लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी बारीक फट ठेवावी लागते. त्या फटीमुळे दर वेळी मी त्याच्यावर आपटतो. टक, टक, टक. गाडीत बसलेल्यांना ऐकू येतो तो हा आवाज.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवतं ते तेलाचं कोमट अंथरूण आणि शेजारी बसलेली माझी भावंडं. आमच्या व्हॅनचं इंजिन समोरच्या दोन सीटांच्या खाली आहे. सीट उचलली की आम्ही दिसतो. त्यामुळे वर बसलेल्यांचं सगळं बोलणं मला ऐकू येतं. सकाळी शाळेची पोरं कोंबून बसायची. त्यांची भांडणं, पाढे, "काका, हा माझी वॉटरबॅग पितो!" अशा तक्रारी ऐकत मी काम केलं. व्हॅनचे मालक ईश्वरभाऊ स्वतःच गाडी चालवत. ते ओरडायचे, "गप बसा रे, नाहीतर एकेकाला शेतात उतरवून देईन!" पोरं खुदकन हसायची. कुणालाच त्यांनी कधी उतरवलं नाही.

ईश्वरभाऊंचं लग्न झालं आणि रोहिणीताई आल्या. पुढे त्यांना मुलगी झाली. तिला सगळे चिमी म्हणत. चिमी नाजूक होती. झोप लागायला तिला फार वेळ लागे आणि उठायला क्षणही लागत नसे. रोहिणीताई तिला मांडीवर घेऊन बरोबर माझ्या डोक्यावरच्या सीटवर बसायच्या. पोर झोपली, की त्या तिच्या नाकाखाली हळूच बोट धरून बघायच्या, श्वास चालतो आहे ना. मग पुन्हा बघायच्या. आणि तेवढ्यात माझ्या टकटकीने चिमी दचकून उठायची.

"ही गाडी आहे की घड्याळ!" रोहिणीताई म्हणायच्या. त्यांचा आवाज रडवेला असायचा. मला वाईट वाटायचं. पण मी काय करणार? फट होती, म्हणून टकटक होती.

मग एकदा धुळ्याचे जावई नवी गाडी घेऊन आले. ईश्वरभाऊंची आई, सुंदरबाई, चिमीला घेऊन त्या गाडीतून मनुदेवीच्या दर्शनाला जाऊन आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "काय गाडी बापा! चालू आहे का बंद, तेच समजत नाही. पोरगी पूर्ण रस्ता झोपली."

ते वाक्य रोहिणीताईंच्या मनात रुतून बसलं.

मित्रांनो, धुळ्याच्या त्या गाडीत आवाज का येत नव्हता, ते सांगतो. तिच्या इंजिनात रॉकरखाली छोट्या छोट्या डब्या असतात. त्यांत तेल भरतं आणि मधली फट ते तेल आपोआप भरून काढतं. झाकण लांब झालं, की डबी तेवढी आत दबते. त्यांना हायड्रॉलिक टॅपेट म्हणतात. माझ्या नशिबी ती डबी नाही. माझ्या टोकाला एक स्क्रू आहे आणि त्याला घट्ट धरणारा नट. मेकॅनिक त्यालाही टॅपेटच म्हणतात. फट किती ठेवायची, हे माणसाच्या हाताने ठरतं. तो हात भाईदासभाऊंचा होता.

भाईदासभाऊंचं गॅरेज बसस्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. यावलच्या साऱ्या शाळेच्या व्हॅन त्यांच्याकडेच यायच्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली, की तिथे व्हॅनची रांग लागे, कारण वर्षाचं मोठं काम तेव्हाच निघतं. त्या सुट्टीच्या कामावर त्यांचं पुढचं वर्ष चालायचं. स्वभावाने बोलका माणूस आणि स्वतःच्या हातावर फार भरवसा. "फिलर लावणं पोरासोरांचं काम," असं म्हणायचे. फिलर म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी. तरी ते ती पट्टी लावायचेच.

आणखी एक गोष्ट. भाईदासभाऊ मूळचे चाळीसगावकडच्या एका खेड्यातले. रोहिणीताईंचं माहेरही तेच गाव. नातं काहीच नाही. पण आमच्याकडे माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ. भाऊबीजेला रोहिणीताई त्यांना ओवाळायच्या. दोघं भेटले, की सासरची भाषा बाजूला ठेवून माहेरच्या अहिराणीत बोलायचे.

गुढीपाडव्यानंतरची गोष्ट. ईश्वरभाऊ गाडी गॅरेजला लावून चहाला गेले. रोहिणीताई सांजोऱ्यांचा डबा द्यायला आल्या होत्या. भाईदासभाऊंनी सीट उचलली, वरचं झाकण काढलं आणि माझ्यावर ऊन पडलं.

"भाऊ, हाई टकटक बंद नही व्हवाव का?" रोहिणीताईंनी विचारलं. "आखाजीले माहेर जानं शे. एवढा लांबना रस्ता, आनि पोर झोपस नही."

"व बहिन, टकटक ऱ्हावाले पाहिजे. गाडी बोलस म्हनीसन समजस, ती बरी शे."

"धुयाना गाडीले कोठे येस आवाज? तठला मेकॅनिक करतस वाटस."

भाईदासभाऊंचा हात थांबला. धुळ्याच्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्यांनी ते वाक्य सांगितलं नाही.

"धुयावालास्ना हातले काय सोनं लागेल शे?" ते म्हणाले. "देख आते."

फिलरची पट्टी त्यांनी खाली ठेवून दिली. नट सैल केला. स्क्रू फिरवला, आणखी फिरवला. माझी आणि झाकणाची फट हळूहळू मिटली. मला वाटलं, आता थांबतील. ते थांबले नाहीत. बोटाने हलवून पाहिलं. मी जरासुद्धा हललो नाही. तेव्हा कुठे त्यांनी नट आवळला. मग हेच माझ्या भावंडांचं केलं.

"यास्ले सांगू नका हां भाऊ," रोहिणीताई ईश्वरभाऊंबद्दल हळूच म्हणाल्या. "म्हनतीन, बाईनं सांगं म्हनीसन इंजिनले हात लावा."

"मी कसाले सांगू? तू मनी गावनी पोर."

किल्ली फिरली. इंजिन चालू झालं. आवाज नाही. ईश्वरभाऊ चहा पिऊन आले आणि दारातच थबकले. "चालू आहे? भाईदास, लोण्यासारखी चालते की रे!" भाईदासभाऊंनी नुसती मिशी चोळली. रोहिणीताई हसल्या. परतीच्या वाटेवर चिमी मांडीवर झोपली आणि घर आलं तरी उठली नाही.

सगळे माझं कौतुक करत होते. आणि मी आतल्या आत घाबरलो होतो.

कारण मित्रांनो, फट नसली की झाकण पुरतं मिटत नाही. तापून लांब झालं, की ते माझ्यावरच टेकून राहतं, किंचित उघडं. मग त्या बारीक उघड्या जागेतून आग सुसाट बाहेर पडते आणि झाकणाची कड जाळते. झाकण मिटून बसलं तरच त्याची उष्णता उतरते. त्याला बसायलाच मिळत नव्हतं. दिवसरात्र उभ्या असलेल्या माणसासारखं ते आतून खचत होतं. आणि हे मी कसं सांगणार होतो? माझ्याजवळ बोलायला एकच गोष्ट होती, टकटक. तीच माझ्याकडून काढून घेतलेली होती.

गाडी हळूहळू दमू लागली. उभी असताना थरथरायची. ईश्वरभाऊ म्हणायचे, "पेट्रोलात काहीतरी आहे." पेट्रोलपंप बदलून पाहिला. थरथर तशीच राहिली. शाळेची पोरं म्हणायची, "काका, गाडीला थंडी वाजते." ते हसण्यावारी गेलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. रोहिणीताई पहाटेच तयार झाल्या. नवी साडी, डब्यात पुरणपोळ्या, चिमीचं झबलं, तिच्यासाठी उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. निघता निघता सासूबाईंनी गाडीचे टायर धुऊन हळदकुंकू वाहिलं. सगळं नीट होतं. फक्त निघायला ऊन झालं.

तापीचा पूल ओलांडला आणि पुढच्या चढावर मला जाणवलं, की शेजारचं सिलिंडर गेलं. मग माझ्या झाकणाची कडही पार जळाली. गाडीने एक हिसका दिला, दोन दिले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ईश्वरभाऊंनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घुंई करत राहिलं. त्यात जीव नव्हता.

वैशाखाचं ऊन. रस्त्यावर सावली म्हणून नव्हती. गाडीचा पत्रा तव्यासारखा तापला. चिमी आधी खूप रडली. मग रडायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. रोहिणीताई तिच्या नाकाखाली बोट धरत होत्या, पुन्हा पुन्हा.

बाजूच्या केळीच्या बागेत घड तोडणाऱ्या बाया होत्या. त्यांतली चमेलीबाई नावाची एक धावत आली. "दे इकडं, दे. उन्हात काय घेऊन बसली माय!" तिने चिमीला केळीच्या सावलीत नेलं, पाटाच्या पाण्यात ओढणी भिजवून तिच्या अंगाला गुंडाळली आणि तोंडावर केळीच्या पानाने वारा घातला. कुणीतरी मोटारसायकलवरून चिमीला आणि रोहिणीताईंना पुढच्या गावच्या डॉक्टरकडे नेलं. पोर बरी झाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. पण आखाजीचा झोका राहिला, आणि माहेरच्या दारात वाट बघणारी आई तशीच वाट बघत राहिली.

ट्रॅक्टरला दोर बांधून आम्हाला यावलला ओढत आणलं. सरळ भाईदासभाऊंच्या गॅरेजात.

तिथे स्टँडवरचे आणखी दोघे-तिघे व्हॅनवाले होते. त्यांतले सुकलालनाना सगळ्यांत जुने. भाईदासभाऊंनी इंजिन उघडलं, वरचा भाग काढला आणि माझ्या झाकणाची जळालेली कड सगळ्यांना दिसली. पोळीचा कोपरा तव्यावर जळून जावा, तशी.

"टॅपेट टाइट होते," भाईदासभाऊ म्हणाले. "माझ्या हातचं काम आहे."

"माझी पोर मेली असती!" ईश्वरभाऊ ओरडले. "रस्त्यात मेली असती, भाईदास! आणि तू मिशा चोळत होतास! सांग ना, टाइट का केले? पट्टी लावायला हात मोडले होते का?"

भाईदासभाऊंनी मान खाली घातली.

रोहिणीताई डॉक्टरकडून परतून दारात उभ्या होत्या. चिमी त्यांच्या खांद्यावर झोपलेली. मी ट्रेमध्ये पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत होतो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा चेहरा इतका वेळ पाहिला. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पदर सारखा केला आणि घराकडे वळल्या.

ईश्वरभाऊंनी स्टँडवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. "भाईदासकडे गाडी लावू नका. लेकराबाळांच्या गाड्या आहेत आपल्या." खोटं काय होतं त्यात? पण पुरतं खरंही नव्हतं.

आणि ऐन सुट्टीत गॅरेज रिकामं झालं. जिथे व्हॅनची रांग लागायची, तिथे आमची एक उघडी व्हॅन आणि एक मांजर. नवीन झाकणं जळगावहून यायची होती. मी रॉकेलच्या ट्रेमध्ये पडून होतो. भाईदासभाऊ स्टुलावर बसून असायचे. पाने पुसून ठेवायचे, पुन्हा पुसायचे. समोरच्या रस्त्याने एखादी ओळखीची व्हॅन जायची. ते उठून उभे राहायचे. व्हॅन दुसऱ्या गॅरेजकडे वळली, की बसायचे.

एकदा रोहिणीताई आल्या. हातात डबा होता. शेडच्या बाहेरच थांबल्या. रिकामी जागा बघितली. भाईदासभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि डबा घेऊनच परत गेल्या.

मित्रांनो, मला तेव्हा कळलं, की फट नसली की माणूसही असाच आवळला जातो. बाहेरून शांत, आतून जळत.

झाकणं आली. भाईदासभाऊंनी या वेळी फार हळू काम केलं. एकेक झाकण आणि आम्हाला पुन्हा जागेवर बसवलं. माझा नट सैल केला, पट्टी मधे घातली, स्क्रू फिरवला, पट्टी ओढून पाहिली. पुन्हा फिरवला, पुन्हा ओढून पाहिली. पट्टी माझ्या आणि झाकणाच्या मधून किंचित अडकत, किंचित सरकत बाहेर आली. मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास मिळाला.

गाडी न्यायला ईश्वरभाऊ आले, बरोबर सुकलालनाना आणि दोन व्हॅनवाले. "बघू तरी, काय दिवे लावले," असं म्हणत आलेले. मागून रोहिणीताई आणि चिमीही आल्या.

किल्ली फिरली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. टक, टक, टक.

"घ्या!" सुकलालनाना हसले. "इतके दिवस ठेवून पुन्हा घड्याळच बसवून दिलं!"

सगळे हसले. ईश्वरभाऊ हसले नाहीत. "आवाज आहे तसाच आहे. मग तेव्हा रे का बंद केला होतास? कुणी सांगितलं होतं तुला?"

भाईदासभाऊ हात पुसत राहिले. गावची लेक, तिचं नाव सासरी कसं घ्यायचं?

"मी सांगितलं होतं," रोहिणीताई म्हणाल्या.

कुणाला ऐकू गेलं नाही. माझी टकटक चालू होती ना. त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा कुणाला ऐकू गेलं नाही. "काय म्हणते?" ईश्वरभाऊंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भाईदासभाऊंकडे वळले.

तेव्हा रोहिणीताई पुढे झाल्या. एका हाताने चिमीला सावरलं, दुसरा हात खिडकीतून आत घातला आणि किल्ली बंद केली.

शेडमध्ये एकदम शांत झालं.

"आवाज मी बंद करायला लावला," त्या म्हणाल्या. "भाऊ नको म्हणत होते. मीच धुळ्याच्या गाडीचं नाव काढून त्यांना डिवचलं. आणि तुम्हाला सांगू नका, असंही मीच म्हटलं."

ईश्वरभाऊ त्यांच्याकडे वळले. "मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"पोर तापली होती. तुम्ही ओरडत होता. मला वाटलं, भाऊ सांगतील." रोहिणीताईंनी चिमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि भाऊंनी सांगितलं नाही, तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं हो. तेच मला तेव्हापासून खातं आहे."

"नही, नही," भाईदासभाऊ एकदम बोलले. अहिराणीच आली तोंडात. "ती काय, गाडीनी मेकॅनिक शे का? मेकॅनिक मी शे. माले ठाऊक व्हतं. धुयाना नाव लिधं आनि मना डोकामा हवा गई. अर्धी चूक मनी शे."

"म्हणजे दोन शहाण्यांनी मिळून एक इंजिन खाल्लं," सुकलालनाना म्हणाले. या वेळी कुणी फारसं हसलं नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "भाईदास, माझी गाडी उद्या आणतो. पण टकटक ठेव बुवा."

त्या दिवशी परतताना ईश्वरभाऊ रोहिणीताईंशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेले, गाडीतच बसून राहिले आणि मग खिडकीतून मोठ्याने म्हणाले, "ऐका रे. भाईदासची चूक नव्हती." जरा थांबले. "म्हणजे होती. पण एकट्याची नव्हती. आणि आपण सगळ्यांनी एकट्याच्या माथी मारली."

काही गाड्या भाईदासभाऊंकडे परत आल्या. काही आल्या नाहीत. त्यांची कामं तोवर दुसरीकडे होऊन गेली होती, आणि सुट्टीचे दिवस काही मागे फिरत नाहीत. शेडमधली एक जागा त्या वर्षी रिकामीच राहिली. रोहिणीताई आता डबा घेऊन गेल्या, की आत जाऊन बसतात. पण त्या रिकाम्या जागेकडे त्यांची नजर जाते, हे मी पाहिलं आहे. खरं बोलून झाल्यावरही काही काळ टोचत राहतं. टोचू द्यावं.

मित्रांनो, मी लोखंडाचा तुकडा. मला शहाणपण शिकवता येत नाही. एवढंच मागतो. तुमच्या घरातलं एखादं यंत्र, एखादं म्हातारं माणूस, एखादं लहान भावंड सारखं कुरकुर करत असेल, तर त्याला गप करण्याची घाई करू नका. आधी जवळ जाऊन ऐका, ते काय सांगतं आहे. आणि तुमच्या चुकीसाठी दुसरा कुणी मान खाली घालून उभा असेल, तर लवकर बोला. पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही, तर आजूबाजूचा आवाज बंद करा आणि पुन्हा बोला.